आठवण आणि करारपत्र : रोजनिशीतली पाने

५ जानेवारी

फादरांचा फोन आला. ३१ जानेवारीला डॉन बॉस्कोंचा सण. त्यानंतरच्या अंकासाठी त्यांच्यावर लेख हवा आहे. "बाई, लहान चालेल, पण नेहमीचं नको," म्हणाले.

नेहमीचं म्हणजे काय, ते न सांगताही कळलं. नवव्या वर्षी पडलेलं स्वप्न, दोरीवर चालून गावच्या पोरांना जमवणारा मुलगा, चर्चमधून हाकललेल्या पोराला परत बोलावणारा तरुण धर्मगुरू, रात्री अवतरणारा राखाडी कुत्रा. संध्याकाळी घरातल्या सगळ्या पुस्तिका टेबलावर मांडल्या. मराठी, इंग्रजी, जुन्या, नव्या. गोष्टी त्याच, क्रम तोच, संवादसुद्धा शब्दाला शब्द तेच. पुस्तकं अनेक, पाणी एकाच विहिरीचं.

नववीच्या वर्गाला इतिहास शिकवताना मी प्रत्येक साधनाला चार प्रश्न विचारायला लावायची. कुणी लिहिलं? कधी? कुणासाठी? कशासाठी? निवृत्त झाले म्हणून प्रश्न निवृत्त होत नाहीत. लेख त्याच वाटेनं न्यायचा असं ठरवलं.

ठोक माहिती एकदा लिहून ठेवते. जन्म १८१५, इटलीत पिएमोंत प्रांतातल्या बेक्की या वस्तीत. धर्मगुरू झाले ५ जून १८४१ रोजी. सलेशियन संस्थेची स्थापना १८ डिसेंबर १८५९, मरिया माझ्झारेल्लो यांच्यासह भगिनींची संस्था १८७२. मृत्यू ३१ जानेवारी १८८८, तुरीनमध्ये. संतपद १९३४. सलेशियन मुंबईत आले १९२८ साली. माटुंग्याच्या शाळेमुळे मुंबईकरांच्या तोंडी हे नाव बसलं.

७ जानेवारी

त्या विहिरीपाशी आले. 'मेमोरिये देल्लोरातोरियो', म्हणजे डॉन बॉस्कोंनी स्वतःच्या हातानं लिहिलेल्या ओरेटरीच्या, म्हणजे पोरांना जमवून शिकवण्याच्या त्यांच्या केंद्राच्या, आठवणी. काळ १८१५ ते १८५५.

या लिखाणाला पोपची आज्ञा लागली. ९ मार्च १८५८ रोजी पोप नववे पायस यांची पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी सुचवलं की लहानपणचं ते स्वप्न आणि तसं जे जे असेल ते लिहून ठेवा. १८६७ मध्ये पुन्हा भेट झाली, तोवर काहीच झालं नव्हतं. मग सल्ल्याची आज्ञा झाली. तरी प्रत्यक्ष लेखन उगवलं १८७३ ते १८७५ या काळात. म्हणजे साठीला टेकलेला माणूस नऊ-दहा वर्षांच्या पोराबद्दल लिहितो आहे.

आणि ती वर्षं कोणती? एप्रिल १८७४ मध्ये रोमनं संस्थेच्या घटनेवर मान्यतेचा शिक्का मारला. नोव्हेंबर १८७५ मध्ये सलेशियनांची पहिली तुकडी अर्जेंटिनाला निघाली. घर फुटून जगभर पसरायच्या बेतात होतं. आपण नसताना, समुद्रापलीकडे ही पोरं आपलं काम कसं चालवतील, ही काळजी त्या वह्यांच्या मागे आहे. सुरुवातीलाच त्यांनी हेतू सांगून टाकला आहे. मागच्यावरून पुढच्या अडचणींत धडा घ्यावा, देवानं कसं चालवलं ते कळावं आणि बापाच्या गोष्टी वाचून मुलांना आनंद व्हावा.

वर तंबी अशी की हे फक्त सलेशियनांसाठी, छापायचं नाही. अक्षर असं की वाचणाऱ्याची परीक्षा. जोआकिनो बेर्तो नावाच्या सचिवानं स्वच्छ प्रत केली आणि त्या प्रतीवर डॉन बॉस्कोंनी पुन्हा दुरुस्त्या केल्या. छापील पुस्तक निघालं ते थेट १९४६ साली. दोन्ही हस्तलिखितं ताडून केलेली चिकित्सक आवृत्ती आली १९९१ मध्ये.

चारही प्रश्नांची उत्तरं मिळाली. बापानं लिहिलं, उतारवयात, मुलांसाठी, शिकवण म्हणून.

१० जानेवारी

जन्मतारखेपासूनच गंमत सुरू. डॉन बॉस्को लिहितात की आपला जन्म मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाचा, म्हणजे १५ ऑगस्टचा. चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही सांगते की १७ ऑगस्टला बाप्तिस्मा झाला आणि मूल आदल्या संध्याकाळी जन्मलं. म्हणजे १६ ऑगस्ट. आईनं 'ऑगस्टातल्या मरियेच्या सणाला झालास' असं सांगितलं असेल, पोरानं ते मनात धरलं असेल. आपल्याकडे गुरुजींनी १ जून लावून दिलेल्या जन्मतारखांची एक अख्खी पिढी आहे. त्यांतल्या कुणाला आपण खोटारडा म्हणत नाही.

वडिलांच्या मृत्यूची तारीखही एका दिवसानं चुकली आहे. आठवणींत १२ मे १८१७, नोंदवहीत ११ मे. पोर तेव्हा दोन वर्षांचंही नव्हतं.

घराची गोष्ट मात्र एवढ्यावर भागत नाही. बेक्कीला गेलेल्या यात्रेकरूंना पिढ्यान् पिढ्या एक छोटं घर 'जन्मघर' म्हणून दाखवलं गेलं. कागद निराळं बोलतात. वडील फ्रान्चेस्को यांनी ते घर विकत घेतलं फेब्रुवारी १८१७ मध्ये, म्हणजे मुलगा दीड वर्षाचा झाल्यावर. मृत्यूच्या तोंडावर त्यांनी केलेल्या मृत्युपत्रावरून दिसतं की ते राहत होते बिल्योने नावाच्या मालकाच्या वाड्यात, जिथे ते शेतीची व्यवस्था पाहत. जन्म तिथला असणार, हे अभ्यासकांनी हे व्यवहाराचे कागद उलगडल्यावर पुढे आलं. तोवर उशीर झाला होता. बिल्योनेचा वाडा १९५०च्या दशकाच्या अखेरीस पाडला गेला होता, आणि तोही डॉन बॉस्कोंच्याच नावाचं मोठं मंदिर बांधायला जागा हवी म्हणून.

१३ जानेवारी

आज जे लिहिलेलंच नाही ते वाचत बसले.

आठवणींत सावत्र भाऊ अंतोनियोचा जाच आहे. पुस्तक हातात दिसलं की त्याचं डोकं फिरे. म्हातारे धर्मगुरू कालोस्सो यांची भेट आहे, प्रवचन ऐकून परतताना पोरानं ते घडाघडा म्हणून दाखवलं तो प्रसंग आहे. डॉन बॉस्को तो १८२६ च्या सुमारास घालतात. अभ्यासकांनी ज्युबिली वर्षाचा मेळ घालून तो नोव्हेंबर १८२९ वर आणला. कालोस्सो लगेच पुढच्या वर्षी वारले.

आठवणींत प्रसंग असा तीन वर्षं मागे सरकला की मधली जागा आपोआप भरून जाते, आणि त्यात एक मोठा तुकडा गडप होतो. फेब्रुवारी १८२८ ते नोव्हेंबर १८२९ हा मुलगा मोल्या कुटुंबाच्या शेतावर गडी म्हणून राबत होता. बाराव्या-तेराव्या वर्षी, घर सोडून, गुरं राखत, परक्याच्या दारात. आठवणींत याबद्दल अवाक्षर नाही. कळतं ते संतपदाच्या चौकशीत मोल्या घराण्यातल्या माणसांनी दिलेल्या साक्षींवरून.

का वगळलं असेल? मनातलं मला ओळखता येत नाही आणि ओळखल्याचा आव आणणारही नाही. पण हा माणूस पुढे तुरीनच्या रस्त्यांवर गवंड्यांच्या हाताखालची, धुराडी साफ करणारी, कामाच्या शोधात डोंगरातून उतरलेली पोरं गोळा करत हिंडला. त्याला नोकर-पोराचं जिणं पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. आठवणीनं गाळलेलं साक्षीदारांनी वाचवलं, हे केवढं बरं झालं.

१७ जानेवारी

८ डिसेंबर १८४१. संत फ्रान्सिस असिसी यांच्या नावाचं तुरीनमधलं चर्च, मिस्सेची तयारी. बार्तोलोमेओ गारेल्ली हा आस्तीचा सोळा वर्षांचा अनाथ मुलगा थंडीचा आत शिरलेला. मिस्सेत सेवा करता येत नाही म्हटल्यावर चर्चची देखभाल करणारा सॅक्रिस्टन कोमोत्ती त्याला झाडूच्या दांड्यानं बदडून हाकलतो. डॉन बॉस्को ओरडतात, तो माझा मित्र आहे, परत बोलाव. मग नाव, गाव, आईबाप, आणि क्रुसाची खूण शिकवून पहिला धडा. सलेशियन जगात संस्थेचा खरा जन्म इथून मोजतात.

आता कागद. आठवणी लिहायच्या सुमारे वीस वर्षं आधी, १८५४ च्या सुमारास, डॉन बॉस्कोंनीच ओरेटरीचा एक छोटा इतिहास लिहिला होता. १८६२ च्या सुमारास आणखी एक. १८५४ च्या टिपणात आरंभाचं वर्ष १८४१च आहे, जागाही तीच आहे. गारेल्लीचं नाव नाही. १८६२ चं टिपण सांगतं की या कामाची कल्पना शहरातल्या तुरुंगांत जाता-येता सुचली. सुटून गेलेली पोरं पुन्हा पुन्हा आत येतात, कारण बाहेर त्यांचं कुणी नसतं.

म्हणून गारेल्ली काल्पनिक ठरतो का? तसं म्हणायला आधार नाही. पोरं अनेक भेटली असतील, त्यांतला एक आठवणीत ठसला असेल आणि लिहिताना त्याच्याभोवती सगळा आरंभ गोळा झाला असेल. पण सणाच्या प्रवचनात गारेल्ली असतो आणि तुरुंग नसतो, ही गोष्ट मला खटकते. तुरुंगाच्या दारातून सुरू झालेलं शिक्षणकार्य म्हटलं की त्याची धार वेगळी लागते.

२० जानेवारी

रात्री लेकीचा फोन. सगळं सांगितलं. ती वकील, तिचा प्रश्न सरळ आला. "म्हणजे आई, संत खोटं लिहितात?"

म्हटलं, नाही गं. तुझा आजोबा गणपतीच्या सुट्टीत पुरात पोहून गेल्याची गोष्ट सांगायचा, तेव्हा तू तारीख विचारायचीस का?

"कोर्टात विचारली असती."

बरोबर बोलली. चूक आठवणीची नसते, आठवणीला कोर्टातली साक्ष म्हणून उभं करणाऱ्याची असते.

२२ जानेवारी

आजचं पत्र मात्र लेकीला वाचून दाखवायला हवं.

आठवणींतला सगळ्यांत हृदयद्रावक प्रसंग १८४६ च्या वसंतातला. शेकडो पोरं, पण टेकायला जागा नाही. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हुसकावणी चाललेली. शेवटी फिलिप्पी बंधूंच्या कुरणात झावळ्यांचा रविवार उजाडतो. तीही जागा सोडायची असते. डॉन बॉस्को एकटेच फेऱ्या घालतात, डोळ्यांत पाणी येतं. तेवढ्यात सोआवे नावाचा गृहस्थ येतो. पिनार्दींच्या घरी एक पडवी भाड्यानं मिळेल म्हणतो. पुढच्या रविवारी, १२ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी पोरं तुरीनच्या वाल्दोक्को भागातल्या त्या जागेत शिरतात.

आणि आता १३ मार्च १८४६ चं पत्र. लिहिणारे डॉन बॉस्को, घेणारे मार्क्विस मिकेले काव्हूर, शहराचे पोलीस-व्यवहार पाहणारे अधिकारी आणि पुढे इटलीचे पंतप्रधान झालेल्या कामिल्लो काव्हूर यांचे वडील. आठवणींत हे मार्क्विस बहुतेक खलनायकाच्या जागी आहेत. पत्राचा सूर अदबीचा. सुट्टीच्या दिवशी उनाड फिरणाऱ्या पोरांना आपण जमवतो. कामाची आवड, संस्कारांना नियमित येणं, वडीलधाऱ्यांचा मान आणि वाईट संगतीपासून दूर राहणं, एवढं शिकवतो. मग व्यवहार येतो. पिनार्दींशी २८० फ्रँकला करार ठरला आहे. एक मोठी खोली प्रार्थनेला होईल अशी, शिवाय दोन खोल्या आणि लागून असलेली मोकळी जागा.

म्हणजे कुरणातल्या त्या रविवारच्या तीन आठवडे आधी जागेचं पक्कं होत आलं होतं, आणि हे खुद्द त्यांच्याच पत्रात आहे.

आठवणीतला माणूस हताश उभा आहे आणि मदत आभाळातून येते. पत्रातला माणूस अर्ज करतो आहे, अधिकाऱ्याला विश्वासात घेतो आहे, भाडं ठरवतो आहे, खोल्या मोजतो आहे. अर्जेंटिनाला निघालेल्या मुलांना पहिल्या माणसाचा धीर हवा होता, हे मला समजतं. आजच्या शाळाचालकाला दुसरा माणूस जास्त उपयोगी पडेल.

मार्क्विसीण बारोलो यांचंही तसंच. मुलींच्या त्यांच्या संस्थेत डॉन बॉस्को तेव्हा धर्मगुरू म्हणून नेमलेले. आठवणींत त्या फर्मावतात की पोरं सोडा, नाहीतर माझी संस्था सोडा. १८ मे १८४६ रोजी त्यांनी डॉन बॉस्कोंचे सहकारी फादर बोरेल यांना लिहिलेलं पत्र टिकलं आहे. त्यात या तरुण धर्मगुरूच्या ढासळत्या प्रकृतीची खरी काळजी आहे, विश्रांतीचा हट्ट आहे आणि आपली बाजूही आहे. दोन मोठी माणसं एकमेकांसमोर ठाम उभी राहिली, एवढाच त्याचा अर्थ.

२५ जानेवारी

मग या साऱ्याचं पुराण कसं झालं? त्याचं उत्तर एकोणीस जाडजूड खंडांत आहे. 'मेमोरिये बिओग्राफिके'.

१८६१ पासूनच ओरेटरीतल्या तरुणांनी ठरवून डॉन बॉस्कोंचं बोलणं-वागणं टिपायला सुरुवात केली होती. रुफ्फिनो, बोनेत्ती यांच्या वह्या त्यातल्याच. प्रमुख जिवंत असतानाच त्याचा इतिहास जमवणारी संस्था विरळाच. पुढे सचिव जोव्हान्नी बात्तिस्ता लेमोइने यांनी आयुष्य ओतून हे सगळं गोळा केलं. वह्या, पत्रं, साक्षी, कात्रणं. त्यावरून पहिले नऊ खंड त्यांचे, अकरा ते एकोणीस चेरियांचे, मधला दहावा आमादेईंचा. शेवटचे खंड निघाले १९३९ साली.

लेमोइने नसते तर निम्मं काळाच्या उदरात गेलं असतं. पण त्यांची रीत कथेकऱ्याची. चार जणांनी सांगितलेलं एकत्र ओवायचं, जोडाच्या जागी संवाद घालायचे, आणि कोणतं वाक्य कुणाचं ते सांगायचं नाही. १९६२ मध्ये फ्रान्सिस देरामो यांनी लियोंला एकट्या पहिल्या खंडावर प्रबंध लिहून त्याची वीण उसवून दाखवली. पुढे पिएत्रो स्तेल्ला आणि पिएत्रो ब्राइदो यांनी त्याच संस्थेत राहून, धर्मगुरूपदाचा झगा न उतरवता, संस्थापकाचा प्रत्येक कागद तपासला. स्तेल्लांचा १९८० चा ग्रंथ तर हिशेब, भाडी, छापखाना आणि देणग्या यांतून डॉन बॉस्को दाखवतो.

लेमोइने यांचा पहिला खंड निघाला १८९८ साली. त्याच वर्षी इकडे वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि बखरीवर विसंबू नका, अस्सल पत्र दाखवा असा धोशा लावला. तिकडे बखर सजत होती तेव्हा इकडे बखरीची झडती सुरू झाली होती. योगायोगच, पण मराठी वाचकाला हा मुद्दा लवकर पटेल तो यामुळेच.

२८ जानेवारी

माझ्या लेखाचा नायक सापडला. एक करारपत्र.

तारीख ८ फेब्रुवारी १८५२. स्टॅम्प पेपर. एका बाजूला सुतारकामाचे उस्ताद ज्युसेप्पे बेर्तोलिनो, दुसऱ्या बाजूला मोंदोव्हीचा पोरगा ज्युसेप्पे ओदास्सो. वडील विंचेंझो ओदास्सो जामीन. मध्ये डॉन बॉस्को. मुदत दोन वर्षं.

कलमं आजच्या कुणाही कामगार-अधिकाऱ्यानं वाचावीत अशी. उस्तादानं कसब नीट शिकवायचं. चुकलं तर समज द्यायची ती शब्दांनी, दुसऱ्या कशानं नाही. काम द्यायचं ते धंद्यातलंच, घरगडी म्हणून राबवायचं नाही, आणि पोराच्या ताकदीबाहेरचं द्यायचं नाही. सणाचे दिवस पूर्ण मोकळे. मजुरी ठरल्याप्रमाणे. पोरानं आज्ञेत राहायचं, मन लावून शिकायचं, नुकसान झालं तर भरपाई. मुलगा ओरेटरीत आहे तोवर त्याच्या वागणुकीकडे लक्ष देण्याची हमी डॉन बॉस्कोंची.

असाच एक करार त्याआधी, नोव्हेंबर १८५१ मध्ये, काचकाम करणाऱ्या कार्लो आयमिनोंशी झाला होता. ओरेटरीतले स्वतःचे कारखाने, चांभारकी आणि शिंपीकाम, १८५३ मध्ये निघाले. त्याआधी पोरं बाहेरच्या मालकांकडे जात, आणि मालक काय करतात ते मोल्यांच्या शेतावर राबलेल्या माणसाला सांगायला नको होतं.

मारू नका, प्रेमानं सांभाळा, हे तत्त्व म्हणून डॉन बॉस्कोंनी लिहिलं १८७७ मध्ये, प्रतिबंधात्मक शिक्षणपद्धतीवरच्या छोट्या निबंधात. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत तोच निबंध उद्धृत होतो. पण पंचवीस वर्षं आधी तेच त्यांनी एका सुताराकडून स्टॅम्प पेपरवर कबूल करून घेतलं होतं. तत्त्व कुणीही सांगेल. सुताराची सही घेणारा शिक्षक दुर्मीळ.

हा कागद कुणी लिहिला, कधी, कुणासाठी, कशासाठी? इतिहासासाठी नाही, मुलांच्या बोधासाठी नाही, संतपदासाठी तर नाहीच. एका पोराला मार बसू नये आणि मजुरी बुडू नये म्हणून. त्याचा शब्द मी सगळ्यांत वर धरते.

३१ जानेवारी

सणाची मिस्सा. प्रवचनात गारेल्ली आला, अपेक्षेप्रमाणे. लहान पोरं कान टवकारून ऐकत होती; दांडा उगारताच पुढच्या बाकावरचा एक जण दचकला. गोष्टीचं बळ कमी लेखण्यात अर्थ नाही. ती पोरासोरांपर्यंत पोचते, करारपत्र पोचत नाही.

मिस्सेनंतर पटांगणात कुर्ल्याच्या डॉन बॉस्को आयटीआयमधून शिकून निघालेला एक जुना विद्यार्थी भेटला. आता स्वतःचं वर्कशॉप आहे, हाताखाली पोरं आहेत. त्याला ओदास्सोची कलमं सांगितली. "बाई, हे भिंतीवर लावतो," म्हणाला. फादरांना लेखाचा गाभा मिळाला म्हणून कळवलं.

२ फेब्रुवारी

लेखाची मांडणी ठरली. आधी करारपत्र, मग काव्हूरना लिहिलेलं पत्र, मग नोंदवह्या आणि मोल्यांची साक्ष. आत्मकथन सगळ्यांत शेवटी. पण ते घालायचं मानानं, कारण आपण कसे आठवावेत असं त्या बापाला वाटत होतं, ते या आत्मकथनाशिवाय दुसरीकडे कुठेच सापडत नाही. त्याला खोटं पाडण्यासाठी कागद वाचायचे नसतात. कागद वाचल्यावर चमत्कार थोडे कमी होतात, माणूस मोठा होतो, हा माझा निष्कर्ष आहे.

फादरांना लेखासोबत एक चौकट छापायची विनंती करणार आहे. ती सगळ्या वाचकांसाठी. तुमच्या शाळेच्या, वसतिगृहाच्या, चर्चच्या, वाचनालयाच्या संस्थापकावर गौरवग्रंथ निघेल तेव्हा निघेल. तोवर कपाटातलं जुनं जनरल रजिस्टर, फीचं पावतीपुस्तक, भाडेचिठ्ठी, कुणा सुताराशी केलेला करार रद्दीवाल्याला देऊ नका. त्यावर तारीख घालून, कापडात बांधून, कोरड्या जागी ठेवा, आणि ते कुठे ठेवलं आहे ते आणखी दोघांना सांगून ठेवा.